ऑटो, बंद, चालू

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी, तासगाव–सांगली रस्त्यावर कवलापूरच्या अलीकडे, आमच्या वडिलांची गाडी बंद पडली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. गाडी वडीलच चालवत होते, वय चौऱ्याहत्तर. मागच्या सीटवर आई होती. तिला आधाराशिवाय चालता येत नव्हते. मागच्या टेम्पोतल्या दोघांनी गाडी कडेला ढकलली आणि आईला धरून लिंबाच्या झाडाखाली नेले. तिथे आईवडील पाऊण तास बसून होते. धाकटा भाऊ सांगलीहून रिक्षा घेऊन पोचला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्याने आधी आईला रिक्षात बसवले, मग गाडीत डोकावून पाहिले, मग वडिलांपुढे हात केला. वडिलांनी चावी त्याच्या हातावर ठेवली.

एवढे तिघांच्याही सांगण्यात जुळते. पुढचे जुळत नव्हते.

मी साताऱ्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत होते, रविवारची पाने लावायला घेतली होती. भावाचा फोन दीड वाजता आला.

"आक्का, आण्णा विसरले," तो म्हणाला. "पंख्याचं बटण बंदवर होतं. मी स्वतः बघितलं. आईला उन्हात बसवलं त्यांनी."

"आण्णा काय म्हणतात?"

"ऑटोवर होतं म्हणतात. खोटं बोलत नाहीत गं ते. त्यांना आठवतच नाही. तेच तर सांगतोय."

वडिलांनी फोन पाचव्या वेळी उचलला.

"म्या विसरलो न्हाई," ते म्हणाले. "बटान ऑटोवर व्हतं. सकाळी म्याच ठेवलेलं. आता ह्यो म्हनतुय बंदवर. भूत आलं व्हतं का फिरवाय?"

आईला विचारले. पक्षाघातानंतर तिचे शब्द जड झाले होते, पण कळत होते. ती म्हणाली, "मला वाटलं, च्याचा गाडा आलाय. वाफ बघून." आणि हसली. बटणाचे तिला काही माहीत नव्हते.

हे बटण फेब्रुवारीत बसवलेले. गाडी चौदा वर्षांची, लहान, पेट्रोलवरची. इंजिन तापले की रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. मध्यंतरी तो उशिरा सुरू होऊ लागला होता. गाडी पळत असली की वाऱ्यावर भागायचे; रस्ता तुंबला की तापमानाचा काटा चढायचा. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलून दिला, तरी वडिलांचा भरवसा बसला नाही. काटा निम्म्याच्या वर सरकला की ते गाडी बाजूला घ्यायचे आणि पंख्याचा आवाज येईपर्यंत उतरून उभे राहायचे. पंखा त्यांना स्वतःच्या हातात हवा होता.

त्यासाठी त्यांनी गाडीचा इलेक्ट्रिशियन शोधला नाही. तासगाव भागात द्राक्षबागांच्या पाण्याच्या मोटारी आणि त्यांचे स्टार्टर दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याला बोलावले. मी त्या दिवशी रजेवर घरी होते. बेदाण्याच्या शेडसमोर गाडी उभी होती.

"आण्णा, गाडीच्या लायनीत मी न्हाई," तो म्हणाला.

"तुज्याच लायनीत हाय. मोटार हाय, वायर हाय, बटान हाय. आजून काय लागतंय?"

"बॅटरीवर चालतंय ह्ये. शॉकसुदिक बसत न्हाई."

"मग भ्याचं काय कारन रं?"

त्याच्या पिशवीत एका मोडीत काढलेल्या स्टार्टरचा खटका होता. काळा, गोल, चिमटीत धरून फिरवायचा. त्याला तीन घरे: ऑटो, बंद, चालू. शेतात वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून मोटारीला ऑटो असतो. वीज आली की मोटार आपली आपण सुरू होते. विहिरीत पाणी कमी असले तर जाताना खटका बंदवर करून जायचे, नाहीतर मागे कुणी नसताना मोटार कोरडी चालते आणि जळते. हे तिकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

तोच खटका त्याने स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली, भोक पाडून बसवला. तार थेट बॅटरीवरून घेतली. ऑटोवर ठेवले तर पंखा सेन्सरच्या हुकमाने चालणार, चालूवर ठेवले तर लगेच, आणि बंदवर ठेवले तर अजिबात नाही. इंजिन कितीही तापले तरी नाही. काम व्हायला अडीच तास लागले. वडिलांनी खटका चालूवर फिरवला. पंखा घोंगावत सुटला. शेडमधल्या बायका बाहेर येऊन बघू लागल्या.

"आण्णा, आता ही गाडी न्हाई ऱ्हायली," तो म्हणाला. "बोअर झाली."

"पानी लागू दे म्हंजे झालं."

मधले बंदचे घर गाडीत कशाला हवे, हे त्या दिवशी कुणीच विचारले नाही. मीही नाही.

गाडीची गरज वडिलांना रोज होती. डिसेंबरात आईच्या उजव्या अंगावरून वारे गेले. दवाखान्यातून सोडल्यावर व्यायाम करून घेणारी बाई रोज घरी येईल अशी सोय सांगलीतच होती, म्हणून आई भावाकडे राहिली. वडील गावात राहिले. बाग आणि शेड सोडून त्यांना हलता येत नव्हते. रोज दुपारी चारनंतर ते मळ्यावर फेरी मारायचे आणि तिथून गाडीने सांगलीला जायचे. तासभर आईजवळ बसायचे, तिचा हात वर-खाली करायचे, आकडे मोजायचे, परत यायचे. एसटीने त्यांनी जानेवारीत आठ दिवस करून पाहिले. गावातून तासगाव, तासगावातून सांगली, स्टँडवरून भावाच्या घरापर्यंत रिक्षा. परतीची गाडी गाठायची तर आईजवळ पंधरा-वीस मिनिटे मिळत. नवव्या दिवशी ते गाडी घेऊन आले.

भावाने चावी ठेवून घेतली, म्हणजे हे थांबले.

त्या शनिवारनंतरचे तीन दिवस मी कामात असून कामात नव्हते. पान लावता लावता मध्येच उठून व्हरांड्यात जायचे, एकाला फोन करायचा, परत येऊन बसायचे, ओळ लागायची नाही म्हणून पुन्हा उठायचे. सोमवारी, गाडी ओढून नेली होती त्या सांगलीच्या गॅरेजवाल्याशी बोलले. हेड गॅस्केट गेले होते. इंजिन वाचले होते. सेन्सर त्याने उकळत्या पाण्यात टाकून तपासला होता. चांगला होता.

"म्हणजे खटका ऑटोवर असता तर पंखा चालू झाला असता?"

"झालाच असता, मॅडम."

वडिलांचे म्हणणे इथे तुटले. भावाचे उरले. त्याच्याकडे आणखीही गोष्टी होत्या: मार्चमध्ये एकदा दूध तापत ठेवून आण्णा शेडवर गेले, मोबाईल दोनदा बेदाण्याच्या जाळीवर सापडला, नातीचा वाढदिवस आठवडाभर आधीच फोन करून साजरा केला. मी प्रत्येक गोष्टीला विचारले, कुणी पाहिले, कधी. दुधाचे शेजारणीने पाहिले होते. मोबाईलचे शेडमधल्या बायकांनी. वाढदिवसाचा फोन त्याने स्वतःच घेतला होता.

"तू माझी उलटतपासणी घेतेस," तो म्हणाला. "मी काय त्यांचा वैरी आहे? परवा गाडी बंद पडली. उद्या ब्रेकऐवजी भलतंच दाबलं तर? माझ्या ओळखीचा एक जण गाडी बघायला येतोय, रविवारी. देऊन टाकू."

"आण्णांना विचारलंस?"

"विचारलं तर नाहीच म्हणतील."

मी बुधवारपासून चार दिवसांची रजा टाकली. दुरुस्त झालेली गाडी सांगलीतून घेतली. चावी भावाने माझ्याकडे दिली, वडिलांकडे नाही, आणि तसे दोनदा सांगितले. गावी पोचल्यावर मी ती वडिलांना दिली. म्हटले, तुम्ही चालवा, मी शेजारी बसते.

त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा खाली केला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही मळ्यावर जाऊन सांगलीला गेलो आणि आलो. मी एक डोळा काट्यावर आणि एक खटक्यावर ठेवून होते. वडिलांना ते कळत होते. बुधगावपाशी ते म्हणाले, "तू सारकी तकडं बघू नगंस. मला वाटतंय, कायतरी फुटनार हाय."

"तुम्ही त्या दिवशी काट्याकडं बघितलं नाही का?"

त्यांनी समोरच्या एसटीला वाट दिली.

"न्हाई बघितलं," ते म्हणाले. "कवलापुराजवळ रस्त्याचं काम चाललंया. लय येळ खोळंबलो. तुजी आई मागनं बोलत व्हती. डिसेंबरपास्नं दोन शब्दांवर तिसरा न्हाई बोलली. त्या दिवशी मळा बघितला आन् सुरूच झाली. पयली बाग कवा लावली, रोपं कुनाच्या बैलगाडीतनं आनली, समदं. पंधरा मिनटं बोलली. म्या आरशात तिच्याकडं बघत व्हतो."

"हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"

"त्यानं इचारलं न्हाई. त्यानं हात पुढं केला."

त्या सकाळचा क्रम त्यांनी मला पुन्हा सांगितला. शुक्रवारी संध्याकाळी आईला एका दिवसासाठी गावी आणले. शनिवारी परत सोडायला निघाले. निघताना खटका ऑटोवर, हे नक्की. वाटेत मळ्यावर थांबले, द्राक्षवेलींची उन्हाळी खरड छाटणी चालू होती ती आईला गाडीतूनच दाखवली. स्वतः उतरून छाटणीवाल्यांशी दोन शब्द बोलले. मग थेट सांगलीचा रस्ता. मी वहीत लिहून घेतले.

गुरुवारी साडेचारला आम्ही पुन्हा मळ्यावर थांबलो. ऊन होते. गाडी चढ चढून आली होती, त्यामुळे चावी काढल्यावरही पंखा फिरत राहिला. तार थेट बॅटरीवरून असल्यामुळे तो मिनिटभर तसा चालायचा. वडील दार उघडून उतरत होते आणि मागे वळून बांधावरच्या माणसाला ओरडून सांगत होते, "आरं, ती काडी डोळ्यावर काप की! किती ठेवतुयास, दातन करनार हाईस का?" एक पाय जमिनीवर होता. उजवा हात दारावर होता. डावा हात मागे आला, न बघता डॅशबोर्डखाली गेला, खटका बंदवर फिरवून निघाला. पंखा थांबला. ते तसेच बोलत बांधाकडे गेले.

मी गाडीतच बसून राहिले. वेळ लिहिली.

लगेच सांगितले नाही. एकदा घडले म्हणजे घडतेच असे नव्हे. सांगलीला जाताना खटका बंदवरच होता. मी काट्यावरून नजर हलवली नाही, आणि माधवनगरच्या गर्दीत तो निम्म्याच्या वर सरकला तसे वडिलांनी स्वतःच खाली पाहिले. "ह्यो बंदवर कसा?" ते म्हणाले आणि तो ऑटोवर केला. माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत होते. सांगलीत भावाच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी पुन्हा हात पाहिला. रस्त्यावर आवाज होता, पंखा चाललेला ऐकू येत नव्हता. हात खटक्याकडे गेला नाही.

शुक्रवारी सकाळी मळ्यावर पुन्हा तेच झाले. पंख्याचा आवाज, मागे आलेला हात, बंद.

"आण्णा," मी म्हणाले. "आत्ता तुम्ही खटका बंद केलात."

"म्या?"

"हो. कालपण केलात. इथंच."

ते चार पावले गेले होते. परत आले, वाकून आत पाहिले. खटक्याला हात लावला नाही. मग ताठ उभे राहून विहिरीकडे पाहिले. विहिरीच्या काठावर मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी आहे; तिथून पन्नास पावलांवर.

"मोटार कोरडी पळाय नगं म्हनून," ते म्हणाले. हे त्यांनी मला सांगितले असे वाटले नाही. "चाळीस वर्सं त्येच केलंया गं. मोटारीचा आवाज आला की बंद करूनच मळा सोडायचा."

"मग विसरला नाहीत तुम्ही."

"न्हाई कसं? हात काय करतुया त्ये मला ठावं न्हाई. मग काय म्हनायचं त्येला?"

ते बांधावर बसले. छाटणीवाला एकदा हाका मारून गेला, तरी उठले नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाले, "भावाला सांग. जसं बघितलंस तसं. कमी न्हाई, जादा न्हाई."

मी दुपारी सांगितले. भावाने सगळे ऐकून घेतले. आधी तो म्हणाला, "म्हणजे खटकाच चुकीचा." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आक्का, पण हे विसरण्यापेक्षा बरं की वाईट?" आणि, "रविवारचा माणूस यायचाय. त्याला काय सांगू?"

शनिवारी सकाळी सहाला वडील आणि मी गाडी घेऊन साताऱ्याला निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचे वायरिंग करणारा एक जुना माणूस आहे. त्याने वाकून खटका पाहिला आणि हसू लागला.

"ताई, हा बोअरचा आहे."

"त्येनं बरोबर केलंया," वडील म्हणाले. आवाज चढला होता. "त्येला म्या बोलावलं. त्येच्याकडं जे हाय त्येच त्यो लावनार. तुमी हसू नगा."

"तसं न्हवं, काका. काम चांगलं केलंय. मधलं घर तेवढं नको."

त्याने तो खटका काढला आणि दोन घरांचे साधे बटण लावले. सेन्सरची तार जशीच्या तशी राहिली. बटणाची तार तिच्या शेजारून गेली. आता बटण दाबले तर पंखा लगेच चालतो, सोडले तर सेन्सरच्या हवाली होतो. पंखा पूर्ण बंद करण्याची जागाच उरली नाही. बॅटरीवरची तारही त्याने चावीवर आणली, म्हणजे चावी काढली की आवाज नाही. शेजारी एक लाल दिवा बसवला. वडील पूर्ण वेळ त्याच्या डोक्यावर उभे होते आणि दर तारेला "ही कुठं गेली?" विचारत होते.

नंतर आम्ही यवतेश्वरच्या घाटात गेलो. वडिलांनी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवली. वर एका वळणाला जागा होती तिथे, इंजिन चालू ठेवून, बटणाला हात न लावता आम्ही थांबलो. काटा निम्म्यावर आला. निम्म्याच्या वर एक रेघ गेला. पंखा नाही. वडिलांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मी म्हणाले, "दाबू का?" ते म्हणाले, "थांब." कासकडे जाणारी एक जीप शेजारून गेली, आतला ड्रायव्हर ओरडला, "काका, पाणी पायजे का?" वडिलांनी मान हलवली, काट्यावरची नजर काढली नाही. मग पुढे खट्ट वाजले आणि पंखा सुरू झाला. लाल दिवा लागला. काटा एक रेघ खाली आला.

"आजून एकदा," वडील म्हणाले.

आम्ही तिथे तीनदा पाहिले.

परत सांगलीला पोचलो तेव्हा भाऊ घरी होता. वडिलांनी त्याला बटण दाखवले, दिवा दाखवला, तारा कुठून कुठे गेल्या ते सांगितले. भाऊ सगळे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण आई या गाडीत बसणार नाही."

आई खोलीत खुर्चीवर होती. आतून म्हणाली, "माज्या वतीनं कोन बोलतंय? मी बसनार."

"आई, पाऊण तास उन्हात—"

"सावली व्हती. तू नव्हतास." तिला पुढचा शब्द जमवायला वेळ लागला. "लय... बरं वाटलं व्हतं."

भाऊ उठून स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, परत आला. संध्याकाळी त्याने रविवारच्या माणसाला फोन केला. मी ऐकत होते. "आत्ता नको," एवढेच तो म्हणाला. कधी, ते सांगितले नाही. वडिलांशी मात्र त्याने ठरवून घेतले: एकटे असताना खुशाल चालवा, आईला न्यायचे असेल तेव्हा शेजारी कुणीतरी हवे, आणि मळ्यावरून निघताना काटा बघून निघायचे. वडील तिन्हीला "व्हय" म्हणाले. दुसऱ्याला थोडे उशिरा म्हणाले.

रविवारी ते गाडी घेऊन गावी गेले. मी साताऱ्याला परतले.

सोमवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला: घरातून निघतोय, मळ्यावर थांबून जाणार, एकटाच हाय. त्यानंतर फोन नाही. मी पाच वाजेपर्यंत दोन बातम्या उलट्या क्रमाने लावल्या आणि एका मथळ्यात तालुका चुकवला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांना फोन केला, उचलला नाही. चालवताना ते उचलत नाहीत. भावाला केला, तो अजून कामावरून पोचला नव्हता. सव्वापाचला पुन्हा दोघांना केला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, काही झालंय का. मी म्हणाले, अजून माहीत नाही.

पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी भावाचा फोन आला. तो नुकताच घरी पोचला होता. गाडी दारात होती. वडील आत आईजवळ बसले होते आणि तिचा हात वर-खाली करत, मोजत अकरापर्यंत आले होते.